सातवा चेहरा

तांडापेठच्या त्या गल्लीत माझी स्कूटी वळत नाही.
चौकात पानठेल्यापाशी लावते,
पिशवी खांद्यावर घेते,
आणि ठेलेवाला न विचारताच सांगतो,
"रातभर लाइट चालू होता, सिस्टर."

ओजल धकाते, वय नऊ.
फाइलवर मेडिकलचा गोल शिक्का,
खाली तिरक्या अक्षरात: आता घरी न्या.
तो कागद तिच्या बापानं लॅमिनेट करून आणला.
फाटू नये म्हणून, म्हणाला.

पहिल्या दिवशी तिनं एवढंच विचारलं,
"सुई आहे काय?"
मी पिशवी पलंगावर उलटी केली.
कापूस, थर्मामीटर, ग्लिसरीन,
बिनसुईची सिरिंज, मॉर्फिनची बाटली, माझा डबा.
डबा उघडून तिनं वास घेतला.
"मेथी," म्हणाली,
आणि सुईचा विषय संपला.

दर चार तासांनी अडीच मिली.
रात्री दोनचा गजर आई लावते
आणि गजराच्या आधीच उठून बसलेली असते.
मी चपला घालताना हळूच विचारते,
"सवय तर नाही न लागनार पोरीले?"
मग तिचा प्रश्न तिलाच ऐकू येतो.
आम्ही दोघी नालीकडे बघत उभ्या राहतो.

माझ्याकडे चेहऱ्यांचा तक्ता आहे.
सहा गोल. पहिला हसरा, सहावा रडका.
जितकं दुखतं तिथं बोट ठेवायचं.
ओजल रोज तिसऱ्यावर ठेवायची.
आई चहा टाकायला आत गेली
की बोट पाचव्यावर सरकायचं.
वहीत मी दोन्ही आकडे लिहायचे.

ऑगस्टात तिला संत्रं हवं झालं.
नागपुरात राहून, आणि ऑगस्टात.
बाप ई-रिक्षा घेऊन कळमन्याला गेला,
तिथून आणखी कुठं कुठं,
दिवेलागणीला परतला
खिशात एकच घेऊन: हिरवं, कडक, लिंबाएवढं.
सोलताना साल निघेना, बोटं तेलकट झाली.
फोड जिभेला लावली
आणि तिचं तोंड असं काही झालं
की टिंकू पलंगाखालून बाहेर येऊन हसला.
पंधरा दिवस तिथंच असायचा तो,
लाकडी नंदी पोटाशी धरून.
त्याचं वय वहीत लिहायचं मी विसरले होते.

"हे तोंड तुह्या तक्त्यात नाही," ओजल म्हणाली.
पेन्सिल मागितली.
सहाव्याच्या पुढं, समासात, सातवा काढला.
डोळे मिटलेले, नाक वाकडं,
हसू आहे की रडू, कळत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली.
ताशांनी भिंतीवरचं कॅलेंडर थरथरत होतं.
गल्लीच्या टोकाशी शेकडो गळे एकदम:
रोगराई घेऊन जा गे मारबत!
आई उंबऱ्यात उभी,
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
"साऱ्याइचं दुखनं ते एकटीच नेते?"
"हाव, बाई."
"मंग तिचं पोट दुखत असन न."
मी सिरिंज धूत होते.
बऱ्याच वेळानं, डोळे न उघडता,
"सिस्टर, तिले दे न अडीच मिली."

संध्याकाळी गल्लीतली पोरं नंदी सजवून निघाली.
टिंकूनं आपल्या नंदीची दोरी
तिच्या करंगळीला बांधली
आणि मागून ढकलत राहिला.
दारापासून पलंगापर्यंत
नंदी तीनदा आला.
चौथ्यांदा ती झोपली होती.
त्यानं दोरी सोडली नाही.

तेरवीनंतर मी पुन्हा गेले.
उरलेलं औषध मोजून परत घ्यावं लागतं, नियम आहे.
अठ्ठावीस मिली.
आईनं बाटली पदरानं पुसून दिली.
दोनचा गजर वाजतो अजून, म्हणाली,
वाजू देते.
बाप रिक्षा चार्जिंगला लावून
तिच्याकडेच बघत बसला होता.

मी टिंकूपुढं तक्ता ठेवला.
त्यानं साती चेहऱ्यांवरून नंदी फिरवला,
एका चाकाचं करकर करत,
कुठंच थांबवला नाही.

पुढच्या गुरुवारी येते, म्हटलं.
वहीत त्याचं वय लिहिलं: पाच.
पेन्सिल तिथंच ठेवून आले.