फेब्रुवारीचं पत्रक, गुलाबी कागदावर

एका पानात बसव, म्हणतात हेल्गासन बाई.
दर महिन्याला म्हणतात. तेवीस वर्षांत मी
एका पानात काय काय बसवलंय:
उवांची साथ, नवं छप्पर, दोन पूर,
आणि बुधवारचं सूप, जे एकदाही चुकलं नाही.

जानेवारीचा निळा कागद संपला.
कपाटात गुलाबी आहे, कडांना रंग उडालेला.
चालेल.

तर.
पारा उणे सत्तावीसच्या खाली गेला
की मधली सुट्टी वर्गात. उणे सव्वीसला बाहेर.
एका अंशावरून ऑफिसात फोन करू नये.

सापडलेले हातमोजे: एकोणीस. सगळे डाव्या हाताचे.
हे कसं होतं, मला विचारू नका.
एकात अर्धं सँडविच होतं.
सँडविच टाकलं, मोजा ठेवलाय.

शाळेचा शंभरावा दिवस पार पडला.
पहिलीच्या मुलांनी शंभर-शंभर वस्तू आणल्या,
बटणं, मॅकरोनी, कुणाच्या तरी आजीचे केसांचे आकडे,
आणि बोडी देजार्लेनं बरणीत माशांचे खवले,
बाबांच्या जाळ्यातले. मोजले तर सत्त्याण्णव.
रडला नाही. म्हणाला, तीन माझ्या बुटाला चिकटलेत.
होते.

आता चार नंबरची बस.
चौकट कर, बाई म्हणाल्या, दोनच ओळी:
चालक बदलला आहे.
बस दहा मिनिटं उशिरा येईल.
मी टाइप केलं. शुद्धलेखनही बरोबर.
लॉर्न गेला, हे छापायची गरज नव्हती.
विनिपेग सरोवरावर, बर्फाला भोक पाडून
एकटा बसलेल्या माणसालाही ते ठाऊक आहे.
चर्चच्या तळघरात खुर्च्या कमी पडल्या,
तेव्हा आमच्याच नेल्या, पहिलीच्या वर्गातल्या,
आणि थोराड मासेमार त्यांवर बसले
गुडघे हनुवटीशी घेऊन.

पण दहा मिनिटं का?
मारिविक माकाराएग गाडी चांगली चालवते.
उणे चाळीसलाही पहिल्या किल्लीत सुरू करते.
रस्ता तिला नकाशात दिसतो.
नकाशात हे नसतं:
की देजार्लेंच्या फाटकाशी हॉर्न दोनदा,
कारण आजोबांना एकाच कानानं ऐकू येतं
आणि पहिला नेमका दुसऱ्या कानावर पडतो;
की जुन्या बर्फघरापाशी थांबायचं.
चढत कुणी नाही, पण एक कुत्रा येतो,
तो बसकडे बघून परत गेला की मग पुढं;
की ऑडनीच्या स्वयंपाकघरात दिवा नसला
तर आई रात्रपाळीहून अजून आलेली नाही.
मग ऑडनीला पुढच्या सीटवर घ्यायचं
आणि काही विचारायचं नाही.

लॉर्ननं हे कुठं लिहून ठेवलं नव्हतं.
बस त्याच्या अंगवळणी पडली होती,
किंवा तो बसच्या.

आता मुलंच सांगतात.
पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं उशीर, मग पंचवीस.
बोडी पायरीवर उभा राहतो, जे नियमात बसत नाही,
आणि ओरडतो, अजून एकदा, बाई! अजून एकदा!

तिसरीच्या वर्गानं तिच्यासाठी नकाशा काढलाय.
रस्ते नाहीत त्यात.
कुत्रा आहे, घराहून मोठा. हॉर्न जांभळे.
खिडक्या पिवळ्या रंगवल्यात,
एक सोडून. ती कुणी रंगवायची विसरलेलं नाही,
मी विचारून घेतलं.

एका पानात बसत नाही.
पाठीमागं छापला. बाईंना अजून सांगितलेलं नाही.
छापल्यावर सगळं काळंच उमटतं,
पण कळतं.

आज बस सातच मिनिटं उशिरा आली.
मी चौकटीत दहाचे सात केले.
छापायच्या आधी पुन्हा दहा.
कुत्र्याचा काही नेम नाही.

बुधवारी सूप वाटाण्याचं.
चमचा घरून आणावा.