पूर्वेकडची बाजू

कोगनोळीच्या नाक्यावर ट्रॅक्स अडवली.
पोलिसानं झेंडा बॉनेटवर पसरून पाहिला:
जांभळा, मधोमध पिवळी पट्टी,
खाली माझ्या मशीनची थोडी घसरलेली शिलाई,
बुरुजकट्टा तालीम, कोल्हापूर.
"राजकारण नाही ना?"
"नाही साहेब. फुटबॉल."
तो हसला.
पोरांना ते हसणंच जास्त लागलं.

नवरा तालमीचा खजिनदार, पायाला प्लास्टर,
म्हणून त्याची सीट मला.
शिवाय मामीला कन्नड येतंय, घेऊन चला.

बेळगावात मैदानाच्या दारावर पाटी.
"मामी, काय लिहिलंय?"
"पाहुण्यांनी पूर्वेकडं बसावं."
मी वाचलं, आणि मग मला ऐकू आलं.
बावीस वर्षं या गावात काढली,
पूर्वेकडं कधी बसले नव्हते.

आम्ही पश्चिमेचे. खासबागचे.
(खासबाग आमच्या कोल्हापुरातही आहे, तिथं कुस्ती.
इथल्या खासबागेत माग.)
लाइट गेली की माग बंद,
माग बंद की बाबा सायकल काढायचे,
मी पुढच्या दांडीवर,
केसांत कापसाची पिंजण तशीच.
शिरीषाच्या झाडाखाली तिसरी पायरी.
मॅच मध्येच सोडून यावी लागे,
लाइट आली की.
कितीतरी निकाल मला अजून माहीत नाहीत.

आज समोरून पाहिलं ते झाड.
केवढं आहे!
खाली बसून ते कधी कळलं नव्हतं.

पूर्वेला ऊन डोळ्यांत.
शिव्या मराठीत, त्यामुळं अडलं नाही कुणाचं.
"तांबडा-पांढरा पिऊन पेंगलाय रे गोलकीपर!"
"कुंदा खाऊन सुस्तावला तुमचा बॅक!"
मधूनच समोरून काहीतरी कन्नड यायचं, लांबलचक,
सगळे हसायचे तिकडं.
"काय म्हणालं गं मामी?"
"म्हणाले, पोरगा बरा खेळतोय."
दुसऱ्यांदा: "म्हणाले, ऊन फार आहे."
तिसऱ्यांदा मी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

आणि ती त्यांची टाळी.
खटक-खट, खटक, ख...
"कसली टाळी म्हणायची ही?"
"काय की," मी म्हणाले.
पदराखाली माझी बोटं मांडीवर चालली होती.

एकसष्टाव्या मिनिटाला प्रज्योत बॉलवर झेपावला,
कुणाचा तरी गुडघा कानाच्या वर बसला.
पडला तो हललाच नाही.
पोरं जाळीला चिकटली.
समोर झाडाखालून एक घोगरा आवाज उठला,
"नीर कोडरीऽ! नीर!"
मग दहा आवाज, मग सगळी पश्चिम.
"बघ, बघ, पडलेल्याला पण सोडंनात! काय म्हणत्यात?"
"पाणी द्या म्हणतायत."
"मामी, खरं सांग."
"पाणी द्या म्हणतायत रे!"
धनाजी माझ्याकडं बघत राहिला.
दुपारभर माझ्या खोट्यावर
त्यानं डोळे मिटून विश्वास ठेवला होता.

प्रज्योत उठला. दोन-एक हरलो.
भावाचं घर तिथून चालत दहा मिनिटं.
मी फोन केला नाही.
काय सांगणार होते, जांभळ्या शर्टात?

संकेश्वरला चहा.
पोरं अर्धा तास गप्प.
अंधारात ट्रॅक्सच्या पत्र्यावर कुणीतरी थाप दिली,
खटक-खट, खटक-खट.
दुसऱ्यानं उचलली, मग सगळ्यांनी.
उचलून आणली होती लेकरांनी,
हरलेल्या मॅचमधून एवढीच एक वस्तू.
पुढच्या रविवारी ती आपलीच म्हणून वाजणार.

मला राहवेना.
"चुकतंय," मी म्हणाले,
ग्लास खाली ठेवला, पत्र्याजवळ गेले.
"शेवटचा ठोका अर्धाच घ्यायचा.
तिथं धोटा परत फिरतो."

"कोण फिरतो?"

"तू वाजव," मी म्हणाले.