झाकण

इतवारीच्या गल्लीत मी धोके रंगवतो.
फूटभर पत्रा, पिवळ्या रंगाचे दोन हात, वर लाल कवटी,
खाली मजकूर. मजकूर ऑफिसातून येतो.
एका पत्र्याचे अठ्ठावीस रुपये.
कवटीचे वेगळे मिळत नाहीत.

यादोराव हेडाऊ आमच्याच गल्लीतला, लाइनमन,
वाठोड्याचा; पारडीला आठवडाभर बदलीवर गेलेला.
श्रावणातल्या मंगळवारी खांबावरून खाली आला तेव्हा
मनगटावरचं घड्याळ चालू होतं म्हणतात.

तेराव्याला बायका ओट्यावर बसून आठवत होत्या.
आदल्या रात्री टिटवी ओरडली.
निघताना चप्पल उलटी पडली.
कोणी म्हणालं मांजर आडवं गेलं,
कोणी म्हणालं मांजर नाही, मुंगूस.
मुंगूस तर शुभ, मग ते सोडून दिलं.
देवकाबाई एकेकीच्या तोंडाकडे बघत होती.
"मले टिटवी आयकू आली होती, भाऊ.
मीच त्याले जाऊ द्याले नाही पायजे होतं."

टिटवी तर नदीकाठी रोजच ओरडते.
तिची अंडी उघड्यावर असतात, गोट्यांत गोटे होऊन.
ती यादोरावशी बोलतच नव्हती.
कुत्र्याला सांगत होती, इकडे फिरकू नको.
तिच्यापुरता तो इशाराच,
पत्ता चुकून आपल्या ओट्यावर आलेला.

इशारा पाळला की खोटा पडतो.
तो खोटा पडावा म्हणून तर मी रंगवतो;
माझा पत्रा खरा झाला की माणूस गेलेला असतो.
शकुन कधी खोटा पडलेला ऐकला नाही.
तो तेराव्याला येतो, चहाच्या कपांबरोबर,
आणि मागे सरकत आदल्या रात्रीत जाऊन बसतो.
त्याच्या खाली कोणाची सही नसते.
ऑफिसातले साहेबही आले होते, टिटवीचं ऐकून
मान हलवली, बरंच हलकं वाटलं त्यांना,
आणि चपला शोधू लागले.

पारडीला मी नंतर एकटाच गेलो.
खांबावर दोन गंजके खिळे. पत्रा नाही.
समोर पानठेला, ठेल्याजवळ रांजण,
रांजणावर माझं अक्षर:
सावधान, दोन्हीकडून पुरवठा.
यादोरावने एकच बाजू बंद केली होती.
"चैतात वावधान आलं तं पडला," ठेलेवाला म्हणाला,
"बेकार पडून होता, झाकण केलं.
लोकं पाणी पेतात ना बाप्पा."
चैत्र ते श्रावण. बोटं पुरली.
मीही पाणी प्यालो. गार होतं.

परवा मारबत निघाली.
तार उचलायचा बांबू यंदा दुसऱ्याच कोणाच्या हातात.
इडा पिडा घेऊन जा गे, सगळे ओरडले,
मी जरा जास्तच.

देवकाबाईला अजून काही सांगितलं नाही.
टिटवी काढून घेतली तर तिच्या हाती
पत्रा द्यावा लागेल, आणि त्याच्या कडा मी घासत नाही.

पण आता प्रत्येक पत्र्याला मधोमध
एक भोक पाडतो, कवटीच्या दातांत,
अंगठा जाईल एवढं.
ऑफिसात कोणी विचारलं नाही.
रांजणावर ठेवलाच कोणी, तर एखाद्या रात्री
पाल पडेल आत.
पाल पाण्यात पडणं वाईटच.
मग तरी बाया गोळा होतील, कोणी तरी म्हणेल,
हे झाकण आणलं कुठून?