माइक चालू होता

नागपूरच्या संस्थेची माणसं आली,
दोन डब्या देऊन गेली, चार सह्या घेऊन गेली.
तिच्या कानामागे करवंदाएवढं यंत्र,
माझ्या गळ्यात दोरी, दोरीला माइक.
पोट्टे म्हणाले, सरच्या गळ्यात तावीज.

यामिनी कुळसंगे. इयत्ता चौथी. भिंतीकडचा बाक.
तीन वर्षं हजेरीला शेजारची पल्लवी कोपर मारायची
आणि ही त्या कोपराला ‘हजर’ म्हणायची.

सेलाची निळी पट्टी सोलली
की लगेच दार लावायचं नाही.
मिनिटभर थांबायचं, सेलाला हवा पिऊ द्यायची.
हे मला तिनंच शिकवलं, दोनदा हातावर चापट मारून.

पहिल्या दिवशी ती टिनाकडे बघत बसली.
‘सर, वरतं कोन चालून राह्यलं?’
कावळा, म्हणालो.
तिनं वहीत लिहिलं : कावळ्याला पाय वाजतात.

तेव्हा कुठं ध्यानात आलं,
अठरा वर्षं मी फळ्याशीच बोलत होतो,
वर्गाकडे पाठ, तोंडात भागाकार.
आता आधी लिहायचो, मग वळायचो, मग बोलायचो.
वळलो तिच्यासाठी,
आणि मागच्या बाकावरच्या देवानंदचा भाग बरोबर जाऊ लागला.
त्याचे तर दोन्ही कान धडधाकट.

मग तो मंगळवार.
मधल्या सुट्टीत केंद्रप्रमुख आले. ऑफिसात चहा.
‘कसं चाललं त्या मशीनचं?’
बशीत चहा ओतता ओतता मी म्हणालो,
‘एकीसाठी चाळीस पोट्टे अडून राह्यले, साहेब.
चांगलं चाललं म्हणून लिहून देतो.
तिचं काय, दोन वर्सांत घरचे कापूस वेचाले नेतीन.’
साहेब हसले. मीही.
माझ्या छातीवर हिरवा दिवा जळत होता.

व्हरांड्यात ती खिचडीच्या ताटाशी बसलेली.
माझ्याकडे पाहिलं, बोलली नाही.
हात धुतले, फ्रॉकला पुसले,
यंत्र काढून डबीत ठेवलं, झाकण लावलं.
टक् वाजलं.
ते मी ऐकलं. तिनं नाही.

चार दिवस पुन्हा कोपर.

पाचव्या दिवशी तिच्या बाकावर जाऊन बसलो.
बोलायचं ते रात्री घोकून आलो होतो,
पण तिचा कान मोकळा, आणि माझा धीर होईना.
पाटीवर लिहायला घेतलं, ‘चु’पाशीच पेन्सिल मोडली.
शेवटी दोरी गळ्यातून काढली
आणि माइक तिच्या तळहातावर ठेवला.
उलटसुलट करून पाहिला तिनं. बटन सापडलं.
दाबलं, हिरवा विझला.
दाबलं, पेटला.
विझला. पेटला.
कितीतरी वेळ.

आता मधल्या सुट्टीत माइक तिच्याकडे जमा.
घंटा झाली की तीच माझ्या गळ्यात अडकवते,
बटन दाबते, ‘बोला’ म्हणते.
ऐकणं म्हणजे माफ करणं नव्हे,
एवढं मला कळतं. पुढचं विचारलेलं नाही.

काल घंटेआधी वर्गाच्या दारात थांबलो.
पल्लवी माइक ओठांशी धरून
काहीतरी कुजबुजत होती.
भिंतीकडच्या बाकावर यामिनी
पोट धरून हसत होती.

मला काही ऐकू आलं नाही.