ओकावारी

शनिवार पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर
ओगले सेन्सेईंचा वर्ग होता.
जिना इतका अरुंद
की उतरणाऱ्याला आधी उतरू द्यावं लागे,
आणि थांबल्या थांबल्या शेजारच्या गिरणीतलं
ज्वारीचं पीठ पापण्यांवर बसे.

व्याकरण त्यांना आवडायचं नाही.
म्हणजे यायचं उत्तम, आवडायचं नाही.
पर्समधून रबरबँड लावलेला छोटा स्पीकर काढत
आणि म्हणत,
"आज क्रियापदं नाहीत. आज बटाटा."

मग तोक्योतली कुणी मुलगी
बटाट्याबद्दल गायची.
करीतला बटाटा, कडा विरघळलेला,
तिला तो शिजला त्या दिवशीपेक्षा
दुसऱ्या दिवशी जास्त आवडतो.
कडव्यागणिक मऊ होत जायचा.
इरफान बागवान, मार्केट यार्डात वडिलांचा गाळा,
म्हणाला, "सेन्सेई, आमच्याकडे बटाट्यावर गात नाहीत.
भाव पडला की रडतात फक्त."

पुढच्या आठवड्यात पुडिंग.
पाच पोरं मिळून गात होती:
फ्रीजमध्ये नाव लिहून ठेवलं होतं, खाल्लं कुणी?
चार कडवी नुसता तपास.
शेवटी गाणाऱ्यानंच खाल्लेलं निघतं, झोपेत.
भूतकाळ आम्ही त्यावर शिकलो.
एक रूप होतं पस्तावलेलं, पाठ होईना.
सेन्सेई म्हणाल्या, "आपलंच आहे ते.
खाल्लं नाही. खाऊन बसलो."

तिसरं गाणं एका बाईचं.
आवाज दमलेला,
चाल मात्र साबणाच्या जाहिरातीसारखी उड्या मारणारी.
दोघांचं मांडते, एकटी जेवते,
शेवटी वाडगा पुढे करते कुणापुढे तरी:
ओकावारी. म्हणजे, आणखी वाढ.
आणि स्वतःच उत्तर देते.

मी फळ्यावर लिहिलं: भात संपला.
सेन्सेईंनी डस्टर शोधलं नाही, तळव्यानंच पुसलं.
"घरात संपला म्हणू नये. भात वाढला."
"पण वाढला म्हणजे पानात वाढला ना?"
"तोही. मूल वाढतं, तेही.
बांगडी फुटली, वाढली. नारळ फोडला, वाढवला."
मग हाताचा खडू झटकत,
"हे त्यांच्या भाषेत कसं न्यायचं ते तुम्ही बघा.
मी तीस वर्षं बघतेय."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी परीक्षा झाली.
इरफान पहिल्याच खेपेला सुटला, हामामात्सुला गेला,
तिथून कांद्याचे भाव विचारतो.
मी दुसऱ्या खेपेला.

आता चाकणला दुभाषी आहे.
नाशिक फाट्यावर सहा पन्नासची कंपनीची बस,
दिवसभर बोल्ट, गळती,
आणि चूक कुणाची याचं सभ्य भाषांतर.

काल जेवणाच्या रांगेत
पुढचे हिराओका-सान काहीतरी गुणगुणत होते.
बटाटा. कडा विरघळलेला.
मी पुढची ओळ म्हटली.
ते इतके दचकले की चमचा पडला.
"माझी मुलगी नाचायची यावर," म्हणाले,
"भाताचा चमचा माइकसारखा धरून."
नाचायची.
भूतकाळ मी पुडिंगवर शिकले होते,
हा तो नव्हता. पुढे विचारलं नाही.

ते पहिलं ताट उभ्या उभ्याच संपवून परत आले,
दोन्ही हातांनी पुढे केलं:
"ओकावारी."
गाडेकर मामांनी पातेलं तिरकं केलं,
डाव तळाशी खरवडला,
आणि माझ्याकडे बघून म्हणाले,
"ताई, साहेबांना सांगा, वरण वाढलं."

हिराओका-सान माझ्या तोंडाकडे बघत राहिले.
मीही उघडलं होतं, अर्धं.
मागून कुणीतरी ओरडलं, सरका की पुढं!
तोवर मामांनी
कोरड्या भातावर त्यांच्या
लोणच्याची एक फोड ठेवली होती.