तेव्हा रकाना नव्हता

उन्हाळ्यात भुसावळला वाद घालायचा तर साडेसातनंतर.
त्याआधी कोर्टाचं डांबर बुटाला सोडत नाही.
इन्स्टिट्यूटच्या पायरीवर, मधे केळीच्या वेफर्सची पुडी,
विषय कालचाच: आजवरचा सगळ्यांत मोठा कोण?

भारंबे म्हणतो, डेन्झिल पिंटो.
मालगाडीवर गार्ड, कोर्टावरही गार्ड.
नाडी बांधलेला चामड्याचा बॉल,
भिजला की कोहळ्याएवढा जड,
आणि हा मारायचा लांबून, एका हाताने,
दुसऱ्या हातात जणू हिरवी झेंडी.
"तीन पॉइंटांची रेघच नव्हती रे तेव्हा.
त्याच्या दर बास्केटमागे एक पॉइंट सरकारकडे बाकी आहे."

"आणि अडवायला कोण होतं?"
पीयूष मोबाइलमधून मान काढत नाही.
"पार्सल ऑफिसातले कारकून.
फिरकेला काल तिघं चिकटले होते, तिघंही जिमवाले,
तरी एक्केचाळीस."

पार्सल ऑफिस म्हटल्यावर बागूल पेटतो, अमळनेरचा:
"त्याना बूटमा हवा ऱ्हास, भो.
आमना टाइमले हवा फक्त बॉलमा राहे,
तीबी उधारीनी."

मग कुणीतरी केशव झोपेचं नाव काढतं
आणि सगळे उगाच रिंगकडे बघतात.
सहा फूट पाच.
आडनाव झोपे, पण कुठल्या बर्थवर मावला नाही.
गुडघा गेला नसता तर, म्हणतात.
ह्या पायरीवर "नसता तर" इतका कुणीच खेळलेला नाही.

"मास्तर, वही काय म्हणते?"

एकतीस वर्षं मी टेबलावर बसलो, पेन्सील आणि शिट्टी घेऊन.
वही म्हणते: पिंटो, त्र्याहत्तर, सरासरी सत्तावीस.
वही म्हणते: पिंटो, पंचाहत्तर, सरासरी अकरा.
भारंबे लगेच, "वय झालं असेल."
एकोणतीस होतं.

चौऱ्याहत्तरच्या मेमध्ये संप झाला.
लोको शेडचा फिटर सुभान तडवी, यावलकडचा,
नोकरीतून गेला, म्हणून टीममधूनही गेला.
तीन वर्षं सावद्याला वॅगनीत केळीचे घड भरत होता.
तुम्हाला नाव माहीत नाही. बरोबर आहे.
वहीत त्याचे चार, दोन, शून्य, सहा.
तो बघायचा पाण्याच्या टाकीकडे
आणि बॉल जायचा पिंटोच्या हातात,
पिंटोने हात पुढे करायच्या आधी.

माझ्या वहीत नाव होतं, नंबर होता, फाउल होते, पॉइंट होते.
दिला कोणी, याला रकाना नव्हता.
एकदा मॅच संपल्यावर आला, मानेचा घाम पुसत:
"मास्तर, माझं काय लिहिलं?"
मी शून्य दाखवलं.
म्हणाला, "चांगलंय. बॉलसारखंच दिसतं."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही, असं काही नाही.
भरीत होतं, दोन भाकरी खाल्ल्या.
पण सत्त्याहत्तरला तो परत आला,
पोट सुटलेलं, उजवा खांदा उतरलेला,
तेव्हापासून मी समासात ठिपके द्यायला लागलो.
एक पास, एक ठिपका.
कुणाला विचारलं नाही. नियमात बसत नव्हतं.

"ती वही?" पीयूषने पहिल्यांदाच वर बघितलं.

पिशवीतच होती.
पण कसर लागली आहे तिला.
ठिपका कुठला आणि भोक कुठलं,
माझ्या चष्म्याला आता कळत नाही.

भारंबे म्हणाला, हे मोजायचं नसतं.
बागूल म्हणाला, मोजलं तरी पिंटोच.
पोरगा काही बोलला नाही.
उठून दिव्याच्या खांबाखाली गेला,
पान उघडून उजेडासमोर धरलं.
भोकांतून उजेड येतो.
ठिपक्यांतून येत नाही.
तो न येणारे मोजतोय.