मोरे, कुठले?

मोरे ईल बघायला चाललोय म्हटल्यावर आई सोबत निघाली.
दुकानात शिरता शिरता विचारलं,
मोरे म्हणजे कुठले? गंगाखेडचे का पाथरीचे?
गौसभाईनं काचेवरचे शिंतोडे पुसले,
समुद्राकडले, अम्मा. आपल्यात सोयरीक नाही त्यांची.

मी परभणीत दात बनवतो.
चार डॉक्टरांचं काम वसमत रोडच्या खोलीत येतं,
गुलाबी मेणात दात रोवत रात्र होते.
त्यामुळं मासा असो का माणूस,
मी आधी तोंड बघतो.

पहिली निळी.
वेणीतून सुटलेली रिबीन फॅनखाली हलावी
तशी पाण्यात उभी,
नाकाशी दोन पिवळ्या पाकळ्या.
माझा हात पाकिटाकडं गेलासुद्धा.
गौसभाई हळूच म्हणाला, ही घरी गेल्यावर खात नाही.
किती दिवस?
नाहीच खात. मरायला चार महिने लावते,
अन् तवर रोज वाटतं, आज खाईल.

मी हात काढून घेतला.
अण्णांची कवळी मीच केली होती.
सहा वेळा घासून दिली, तरी हिरडीला लागते म्हणाले.
वाटीतल्या पाण्यात पडून राहिली ती,
रोज वाटायचं, आज लावतील.

दुसरी हिरवी, मांडीएवढी जाड.
दात सुईसारखे, आत वळलेले,
आणि घशात म्हणे दुसरा जबडा:
पहिल्यानं धरायचं,
दुसऱ्यानं पुढं येऊन ओढून न्यायचं.
असलं काम कुणी माझ्याकडं आणलं असतं
तर मी निम्मे पैसे आधी मागितले असते.
आई म्हणाली, गिळायची एवढी घाई कामून?

तिसरी दिसलीच नाही आधी.
पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यातून नुसतं डोकं बाहेर.
पांढऱ्यावर काळे डाग, डागांत पिवळे थेंब,
टवके उडालेली इनॅमलची थाळी जशी.
तोंड उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची.
आई मागं सरली. चिडलीय ती.
चिडली नाही अम्मा, दम घेतीय.
तिचा श्वासच तसा.

आई काही बोलली नाही.
शेवटच्या आठवड्यात अण्णांचं तोंडही
असंच उघडं असायचं,
आणि आम्हाला वाटायचं, काहीतरी सांगायचंय.

मी मोबाइलचा उजेड आत धरला.
सुळे नाहीत. बुटके, बोथट दात,
खेकड्याचं कवच फोडण्यापुरते.
हे दात मला कळले.
ही द्या, म्हटलं.

मग पाण्याचा हिशेब निघाला.
गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो.
आता जारचं गोड पाणी विकत आणायचं,
त्यात विकतचं मीठ घालायचं,
काट्यावर एक पॉइंट शून्य पंचवीस येईपर्यंत ढवळायचं.
बोअरचं खारंच आहे की आपलं, आई म्हणाली.
ते खारं वेगळं, अम्मा.
खाऱ्यातबी जात असती का रे?
गौसभाई हसला, पण उत्तर दिलं नाही.

निघताना त्यानं एकच गोष्ट तीनदा सांगितली:
झाकण. बोटाएवढी फट ठेवू नका.
तिला डोळ्यांनी कमी दिसतं, पण फट बरोबर सापडते.
सकाळी कपाटाखाली मिळंल,
चपलेच्या वादीसारखी कडक.

आता दोन महिने झाले.
मेमध्ये पंखा थेट पाण्यावर लावला होता,
आम्ही दोघं घाम पुसत बसलो.
लाइट गेली की आई माझ्याआधी उठते,
बॅटरीचा पंप लावून येते.
चिमट्यात कोळंबी धरते. पहिल्यांदा हात कापायचा,
आता ती दुसरीकडं तोंड करून फिरली
तर आईच काच वाजवते, इकडं, इकडं हाय.

झाकणावर दोन विटा ठेवल्यात.
तरी एक कोपरा उचलतोय असं वाटलं,
म्हणून लॅबमधून प्लॅस्टरचे साचे आणले,
जे टाकायचे राहून गेले होते.
वरचा जबडा, खालचा जबडा,
तळाला पेन्सिलीनं अण्णांचं नाव.
आईनं ते बघितलं, पुसून सरळ ठेवले.

लॅबमधून उशिरा आलो की
दार उघडत ती आधी तेच सांगते:
मोऱ्यांनी खाल्लं आज.